सातव्या होलजवळचं कुलूप

"एवढा तुकडा मोजू नको," ठकूमावशी म्हणाली आणि बांबूच्या बेटापाशी पदर खोचून उभी राहिली.

मी टेपचं टोक धरून तशीच वाकलेली. दसरा तोंडावर आलेला, ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजत होतं, गोल्फ क्लबाचं अर्धं मैदान अजून पायाखाली घालायचं बाकी होतं, आणि ही बाई मध्येच अडून बसली. मी म्हटलं, मावशी, गवत दिसतंय ना? गवताला खत लागतं, खताला पैसे पडतात, मग मोजायचं का नाही?

"इथं खत आम्ही गेल्या सालीच घातलंय," ती म्हणाली. "फुकटात."

हे बोलताना तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. ठकूमावशी अशीच. मिश्रीचं बोट दाढेत फिरवत कुणाचीही फिरकी घेईल आणि स्वतः हसणार नाही.

नाशिकबाहेर त्र्यंबक रस्त्याला तेव्हा माझी नर्सरी होती. बंगल्यांची लॉन, मंगल कार्यालयांची लॉन, असली कामं मी घेत असे. पण सगळ्यांत मोठं काम या क्लबाचं. पाऊस संपला की सबंध हिरवळीला खत द्यायचं, दिवाळीआधी त्यांची स्पर्धा असे. त्याचं टेंडर निघायचं. बाकीचे ठेकेदार नकाशावरचा एकरांचा आकडा घेऊन घरबसल्या दर लावत. मला ते कधी जमलं नाही. तळी, वाळूचे खड्डे, गाड्यांचे रस्ते हे सगळं वगळून, हिरवळ डोळ्यांनी बघूनच मी दर लावायची. आणि बघायला ठकूमावशीला बरोबर न्यायची, कारण खत शेवटी फोकणार तीच.

ओटीत दाणेदार खत घ्यायचं आणि चालता चालता मुठीने फोकत जायचं. आधी निम्मं उभं, मग निम्मं आडवं, म्हणजे हिरवळीवर पट्टे पडत नाहीत. उतारावर यंत्र चालत नाही, ओल्या जमिनीत चाकोऱ्या पडतात. असं सारखं फोकणारी बायकांची टोळी आमच्या भागात एकच होती, ठकूमावशीची. टेंडर माझं असो की लोणारेसारख्या दुसऱ्या ठेकेदाराचं, हात त्यांचेच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"कोड्यात बोलू नका," मी म्हटलं. "काय झालं इथं?"

मावशीने पायाने गवत दाखवलं. आता नवं गवत भरून आलं होतं, पण नीट बघितलं तर जुने डाग कळत होते. गोल गोल, मध्ये विरळ, कडेला गडद हिरवे. ते डाग मी विसरणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षी याच डागांपायी क्लबाने माझं बिल कापलं होतं. खत एका जागी सांडलं, गवत जळालं, निष्काळजी काम, असं त्यांचे सेक्रेटरी दिघे मला चारचौघांत बोलले होते. मी ते सगळं जसंच्या तसं मावशीच्या पदरात टाकलं होतं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

"सांडलेलं खत असं बेटाच्या मागंच बरं सांडतंय," ती आता म्हणाली. "तुला शिकलेलीला कळू नये? अगं, एवढ्या बोडक्या माळावर दुसरा आडोसा कुठाय?"

माझी ट्यूब तेव्हा पेटली. वीसेक बायका, पंधरवडाभर, रोज याच एका बेटामागे. गवत जळेल नाही तर काय होईल? मला आधी हसूच फुटलं. दिघ्यांनी त्या डागांचे फोटो काढून फाईलला लावले होते, अध्यक्षांनी गुडघ्यावर बसून त्यांची पाहणी केली होती. मी टेप खाली टाकून पोट धरून हसले. मावशी हसली नाही. ती समोर बघत होती.

समोर, गाड्यांच्या रस्त्यापलीकडे, सातव्या होलच्या बाजूला एक टुमदार खोली होती. हिरवा रंग, कौलारू छप्पर, दारावर पितळी कुलूप आणि पाटी: फक्त सभासदांसाठी. खेळता खेळता साहेबलोकांना लागली तर जायला. किल्ली दिघ्यांच्या टेबलाच्या खणात.

"भामा यंदा येणार नाही," मावशी म्हणाली.

भामा तिच्या भाचीची सून, टोळीतली सगळ्यांत नवी. मी विचारलं, काय, पाळणा हलला की काय? मावशीने मान हलवली. मग तिने सांगितलं ते असं, की बाकीच्या बायका लाजलज्जा गुंडाळून बेटामागे जायच्या, भामा जायची नाही. रस्त्याने साहेबांच्या गाड्या जातात, कुणी बघितलं तर मेल्याहून मेली होईन म्हणायची. म्हणून सकाळचा चहा घोटला की संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. भर उन्हात, ओटीत खत. मग एकदा थंडी भरून ताप आला, मग पुन्हा आला, आणि सिव्हिलच्या डॉक्टरने सांगितलं की मूत्रपिंडापर्यंत गेलंय. अजून गोळ्या चालू होत्या. घागर उचलवत नव्हती.

"बाकीच्यांचं तरी काय मोठं," मावशी म्हणाली. "आम्ही पितो, पण जीव राहील एवढंच. घोटभर."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. माझ्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत पाण्याची बाटली, सकाळी भरलेली, तशीच्या तशी. बाहेर कामाला निघाले की मी बाटली न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. आमचे हे त्यावरून मला चिडवायचे, की पाण्याला फिरवून आणलंस का. मला कधी सुचलंही नव्हतं की ही सवय आपल्याला का लागली.

घरी येऊन मी दर काढायला बसले. खत, मजुरी, टेम्पो, चहा, आमचा नफा. हे सगळं बेरजेत आलं की शेवटी आणखी एक आकडा चढवायचा असे. त्याला आम्ही सोड म्हणायचो. क्लबाचे अध्यक्ष नाडकर्णी साहेब प्रत्येक टेंडरवाल्याला समोर बसवून हसत हसत म्हणत, आता खरा आकडा सांगा. मग आपण थोडे आढेवेढे घ्यायचे, कपाळावरचा घाम पुसायचा आणि तो चढवलेला आकडा सोडून द्यायचा. साहेब खूश. मग चहा-बिस्किटं यायची. मुद्दाम चढवायचा, मुद्दाम उतरवायचा, आणि हे दोन्हीकडच्यांना माहीत. साड्यांच्या दुकानात तरी याहून काय वेगळं चालतं?

यंदा मी सोड ठेवली नाही. तेवढ्याच रकमेला मी ओळ लिहिली: बायकांसाठी दोन फिरते संडास, भाड्याने, कामाच्या पूर्ण मुदतीकरता, आणि पिण्याच्या पाण्याची टाकी. एकूण आकडा दरवर्षीइतकाच आला.

आमच्या ह्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ते माणूस शांत, पण धंद्यातलं त्यांना माझ्याहून जास्त कळायचं. ते म्हणाले, संडास घाल, मी नाही म्हणत नाही, पण वर सोड पण ठेव, नाही तर टेबलावर काय सोडशील? मी म्हटलं, वर ठेवली तर लोणारे आपल्या दराखाली जाईल. ते म्हणाले, मग तो आताही जाईल, त्याला संडास नाही लावायचा. आणि हे काम गेलं तर वर्षाचं निम्मं पोट गेलं, हे तुला मी सांगायला नको.

"अहो, भामा घागर उचलू शकत नाहीये," मी म्हटलं.

कागद घडी घालून त्यांनीच पाकिटात घातला.

नाडकर्णी साहेबांची खोली थंडगार होती. मोठ्या काचेतून सबंध मैदान दिसायचं. साहेब मध्ये, बाजूला दिघे फाईल घेऊन. लोणारे बाहेर बाकावर बसला होता, त्याचं आधी झालं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याची चहा-बिस्किटं झालीत.

साहेबांनी माझा कागद बघितला, पेनाचं टोपण काढलं आणि नेहमीसारखं हसले.

"हं, प्रभाताई. आता खरा आकडा."

"हाच खरा आहे साहेब."

ते अजून हसतच होते. त्यांना वाटलं, बाई यंदा जरा जास्त आढेवेढे घेतेय. दिघ्यांनी बोट ठेवून ती ओळ दाखवली. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, बरं, हे काढून टाका, मग जमतंय आपलं. जणू ती ओळ मी त्यांनी काढावी म्हणूनच घातली होती. त्यात त्यांचा तरी काय दोष? इतकी वर्षं आम्हीच तशी सवय लावलेली.

मी म्हटलं, ती ओळ निघणार नाही. वाटलं तर माझ्या नफ्यातले थोडे काढा.

आता त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजुतीच्या सुरात बोलायला लागले. ताई, या बायका शेतात कामं करतात, तिथे कुठे असतात संडास? आजवर कुणाची तक्रार आली? त्यांचं त्या बघतात, त्यांची काहीतरी सोय असतेच. इथे हिरवळीवर प्लास्टिकचे डबे उभे केले तर सभासद काय म्हणतील, स्पर्धेला बाहेरगावची माणसं येतात. दिघे मान डोलवत होते. आणि मग दिघ्यांना काय बुद्धी सुचली, कोण जाणे, ते म्हणाले, त्यापेक्षा यंदा खत जळणार नाही तेवढं बघा, गेल्या वर्षीचे डाग अजून गेले नाहीत.

मी आत जाताना ठरवलं होतं की ते बोलायचं नाही. पुरुषांच्या समोर, तेही असल्या खोलीत, बायकांचं असलं काही काढायचं म्हणजे जीभ जड होते. पण दिघ्यांनी ते शब्द उच्चारले आणि माझं डोकंच सटकलं.

"ते डाग खताचे नव्हते," मी म्हटलं. "ते बायकांच्या लघवीचे आहेत."

दिघ्यांची मान डोलायची थांबली.

"तुम्ही म्हणता ना, त्यांची सोय असते? ती तिथे आहे, बांबूमागे. तुमच्या फाईलला तिचे फोटो लावलेत. साहेब, तुम्ही गुडघे टेकून बघितलीत ती. आणि त्याचे पैसे माझ्या बिलातून कापलेत."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी नकळत पँटच्या गुडघ्यांवर हात फिरवला. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेर लोणारेने खोकल्यासारखं केलं.

मी म्हटलं, मला डबे उभे करायची हौस नाही. सातव्या होलजवळ तुमचा बांधलेला संडास आहे. त्याची किल्ली बायकांना द्या, ही ओळ मी इथंच, तुमच्याच पेनाने खोडते. तेवढे पैसे तुमचे वाचले.

मला वाटलं, आता घेतील. खरंच वाटलं. दोघंही काचेतून तिकडे बघत होते. मग नाडकर्णी साहेब हळूच म्हणाले की तो सभासदांसाठी आहे, त्याला नियम आहे, नियम बदलायचा तर सभा बोलवावी लागेल, आणि सभा मार्चमध्ये असते.

"मार्चपर्यंत दाबून धरायला सांगते त्यांना," मी म्हटलं आणि उठले.

त्या दिवशी मला चहा विचारला गेला नाही.

काम लोणारेला गेलं. हे कळलं तेव्हा आमचे हे नर्सरीत कुंड्या भरत होते. त्यांनी ऐकलं आणि पुढची कुंडी ओढली. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते. दोन दिवस घरात नुसतीच भांडी वाजत होती.

आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनीच बातमी आणली, की ठकूमावशीची टोळी लोणारेने घेतली. उद्यापासून फोकणी. मी म्हटलं, घेणारच, पोट आहे त्यांना. तोंडाने म्हटलं, पण आतून मला फार लागलं. ज्यांच्यासाठी मी वर्षाचं काम घालवलं, त्या दुसऱ्याचं खत ओटीत घेऊन पुन्हा त्याच बेटामागे जाणार. त्यांचा काही दोष नव्हता, हेही मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लोणारे. आवाज रडवेला.

"ताई, असं करू नका हो. धंदा धंद्याच्या जागी. बायकांना भडकवून काय मिळालं तुम्हाला?"

मला काही टोटल लागेना. मी म्हटलं, मी कुणाशी बोललेलीसुद्धा नाही. तो म्हणाला, मग येऊन बघा. खताची पोती फोडून ठेवलीत, हवा दमट आहे, युरियाचे गोळे व्हायला लागलेत. पंधरा दिवसांवर स्पर्धा आलीय. या बायका फाटकात बसल्यात आणि नुसतं पाणी पितायत.

मी पिशवी उचलली. आमचे हे टेम्पो सुरू करून बसलेच होते. मागे नर्सरीतलं मोठं पिंप होतं, भरलेलं. कधी भरलं, मला ठाऊक नाही. मी बघितलं, तर ते म्हणाले, लोणारेचा फोन मला आधी आला होता.

फाटकाशी पोचलो तर सगळी टोळी तिथे लिंबाखाली फतकल मारून बसलेली. मध्ये दोन कळश्या, रिकाम्या होत आलेल्या. तांब्या हातोहात फिरत होता. एकीने प्यायचा, पदराने तोंड पुसायचं, दुसरीला द्यायचा. भामासुद्धा आली होती, कामाला नाही, नुसती बसायला. ती दोन्ही हातांनी तांब्या धरून पीत होती आणि मावशी तिच्याकडे बघत होती, लहान लेकराला दूध पाजताना बघतात तसं.

दिघे फाटकात उभे. नाडकर्णी साहेबांची गाडी येऊन थांबलेली, साहेब खाली उतरलेले. लोणारे पोत्यांजवळ डोक्याला हात लावून. दिघे मला बघून पुढे आले, म्हणाले, ताई, तुमचं ऐकतील, सांगा यांना कामाला लागायला.

"माझी माणसं नाहीत ही," मी म्हटलं. "लोणारेंची आहेत."

ठकूमावशीने आम्हाला पाहिलं, पिंप पाहिलं, आणि दोन बायकांना कळश्या भरून आणायला पाठवलं. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि नाडकर्णी साहेबांसमोर गेली. हात जोडले. तिचा आवाज अगदी मऊ होता.

"साहेब, कामाला आमची ना नाही. आता म्हणाल तर आता आत येतो. फक्त आज आम्ही सगळ्या पोटभर पाणी प्यालोय. आमचं आम्ही बघतोच, हे तुम्ही म्हणालात म्हणे. तर बेटामागं आता जाणार नाही, तिथलं गवत जळतं, तुमचं नुकसान होतं. मग कुठं बसायचं तेवढं तुम्ही दाखवा. तुम्ही दाखवाल तिथं बसू."

साहेबांनी तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. एवढ्या बायका, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर, आणि तांब्या अजून फिरतच होता. त्यांच्या पाठीमागे कात्रीने कापल्यासारखी हिरवळ होती, स्पर्धेची झेंडी आधीच लागलेली. भामाने तांब्या खाली ठेवला आणि दुसरीला म्हणाली, मला आणखी दे गं.

मग साहेब दिघ्यांकडे वळले.

"किल्ली घेऊन या."

दिघे म्हणाले, सर, नियम. साहेब म्हणाले, दिघे, पळा.

आणि दिघे पळाले. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच पळताना बघितलं.

मी मावशीला बाजूला ओढलं. खोलीतलं सगळं बोलणं तिला लोणारेनेच सांगितलं होतं, बाकावरून ऐकलेलं. विचारलं, तुम्ही हे लोणारेच्या कामावर का केलंत, माझ्या कामावर केलं असतं तर? ती म्हणाली, तुझ्या कामावर करायची वेळच आली नसती, तू डबे आणणार होतीस. मग मिश्रीचं बोट दाढेतून काढून तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"पण ती ओळ तू खोडली असतीस ना प्रभे, तर तुझ्या फाटकात पण अशाच बसलो असतो."

काम लोणारेचंच राहिलं, आणि ते वर्ष आम्ही फार ओढगस्तीत काढलं. पण मी त्या दिवशी तशीच घरी परतले नाही. सगळ्यांबरोबर गाड्यांच्या रस्त्याने सातव्या होलपर्यंत चालत गेले. दिघ्यांनी धापा टाकत पितळी कुलूप काढलं. पहिली भामा आत गेली. तिने आतून कडी लावल्याचा आवाज आला आणि बाहेर सगळ्या बायका हसायला लागल्या, उगीचच, थांबेचनात.

मी खांद्याची पिशवी उघडली, बाटली काढली आणि तिथेच उभी राहून तळापर्यंत प्यायले. मग ठकूमावशीच्या मागे रांगेत उभी राहिले.